आतड्याच्या भिंतीलगत

२४ जून १९६८, सोमवार
आजही तेच. उंदराच्या मोठ्या आतड्याचे बारा काप रंगवले, बाराही सारखे. मध्ये मळ, मळात जांभळे जंतू गच्च. कडेला आतड्याची भिंत. आणि दोघांच्या मध्ये पांढरी पट्टी, झाडून काढल्यासारखी.
डॉ. सबनीसांनी मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता सांगितलं, "बरोबर आहे. जंतू मळात राहतात. भिंतीपाशी त्यांचं काही काम नसतं." साहेबांचं मत ते आमच्या प्रयोगशाळेचं मत. कंपनीचं जुलाब थांबवायचं औषध त्याच मतावर उभं आहे. औषध मळात मिसळलं की जंतूंना गाठणार, एवढं सोपं.
मला ती पट्टी पटत नाही. सकाळी उंदीर सांभाळणाऱ्या गणपतमामांनी उंदीर मारून दिला तेव्हा आतडं मीच उघडलं. आत बुळबुळीत चिकटा होता, बोटाला तार आली. रिकामं काही नव्हतं. मग फॉर्मलीन, स्पिरिट, मेण असं सगळं होऊन काप काचेवर येईपर्यंत तो चिकटा जातो कुठे?

२६ जून
प्रभाकरला विचारलं. पलीकडचं टेबल त्याचं, तिथेच त्याची पीएच.डी. चाललीय. मळ पाण्यात कालवतो, बशीत जंतू वाढवतो, मोजतो. दोघं एकाच वर्षी इथे लागलो. तो एम.एस्सी. होऊन, मी इंटर सायन्स अर्धवट सोडून.
"चिकटा धुऊन जातो गं. जाऊ दे. त्यात काय असणार?"
"जंतू असतील तर?"
"तर माझा दुसरा चॅप्टर गेला," म्हणाला आणि हसला.
मी नाही हसले.

१ जुलै, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत मुलुंडच्या बाजारात गेले. आय तिथेच मासळी विकायला बसते, ओळीतली तिसरी पाटी. भांडुपच्या खाडीतली कोळंबी आणि निवटे संपत आले होते. तिला विचारलं, निवट्याचा चिकटा न धुता तसाच राखायचा तर काय करायचं?
"राखायचा कनाला? चिकटा काढायलाच तर राख लावतान."
"समज, राखायचाच आहे."
"मग पानी नको. बर्फात घाल. मीठ टाक वर."
पाणी नको. हे माझ्याही डोक्यात होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर धीर येतो.
मेण नाही, स्पिरिट नाही. गोठवून काप पाडायचे. गोठवलेले काप पाडायचं जुनं यंत्र स्टोअरमध्ये कापडाखाली पडलंय. गॅसचा सिलिंडर जोडायचा असतो त्याला.

४ जुलै
साहेबांनी परवानगी दिली, पण अशी: "तुमचं रोजचं काम उरकून. आणि डिसेंबरात कंपनीची कमिटी कामं तपासायला येते आहे. तोवर दाखवण्यासारखं काही झालं नाही तर यंत्र परत स्टोअरमध्ये. तुम्हाला मग खाली गोळ्या तपासायला देईन, तिथे माणसं कमी आहेत."
गोळ्या तपासायच्या म्हणजे पट्ट्यावरून सरकणाऱ्या गोळ्यांतली फुटकी गोळी उचलायची. दिवसभर. तिथल्या शांताने चार वर्षं केलं, आता तिला लांबचं नीट दिसत नाही.
पाच महिने आहेत.

१२ जुलै
बर्फ-मीठ. वाट लागली. आतडं गोठलं, पण सावकाश. आत बर्फाचे खडे झाले आणि खड्यांनी भिंतीची जाळी करून टाकली. कुठे भिंत, कुठे मळ, ओळखू येईना.

१९ जुलै
पुन्हा बर्फ-मीठ, बर्फ बारीक ठेचून. पुन्हा जाळी. आयला सांगितलं तर म्हणाली, "मग मासलीचं शास्त्र उंदराला नाय लागत." बरोबर आहे तिचं. झटक्यात गोठायला हवं. बर्फापेक्षा कितीतरी थंड काहीतरी हवं.

२ ऑगस्ट
कोरडा बर्फ! घाटकोपरला एका कारखान्यात मिळतो. साहेबांची चिठ्ठी घेऊन गेले. लाकडी पेटीत भुसा, भुशात बर्फ. हाताला लागला तर भाजल्यासारखी कातडी निघते म्हणाले.
येताना बसमध्ये पेटीच्या फटीतून धूर यायला लागला. पुढच्या बाकावरचा माणूस उठून उभाच राहिला.
कंडक्टर: "बाई, पेटी में क्या है?"
"बर्फ."
"बर्फ से धुआँ निकलता है क्या?"
मी झाकण उघडून दाखवलं. अख्खी बस वाकून बघत होती. मुलुंडपर्यंत आपोआप जागा मिळाली बसायला.

३ ऑगस्ट
ॲसिटोनमध्ये कोरडा बर्फ टाकला. आतड्याचा तुकडा मळासकट, न उघडता, न धुता आत सोडला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पांढरा टणक. खडूसारखा.
काप पाडता पाडता तीन वाजले. बरेच सुरीवरच गुंडाळून गेले, पाच टिकले. रंग देताना चिकटा पुन्हा वाहून जाईल ही भीती, म्हणून स्लाइड आधी फॉर्मलीनच्या नुसत्या वाफेवर धरली, पाण्यात घातली नाही. मग रंग.
पांढरी पट्टी नाही.
तिथे फिकट गुलाबी थर आहे आणि त्या थरात जांभळे जंतू आहेत. मळातल्यासारखे कसेही पडलेले नाहीत, दाट आहेत, भिंतीच्या कडेकडेने.
खुर्ची सोडून खिडकीशी गेले. परत येऊन पाहिलं. होते.

५ ऑगस्ट
साहेबांनी पाहिलं. "हं." मग, "प्रभाकर, जरा इकडे ये."
प्रभाकरने डाव्या डोळ्याने पाहिलं, उजव्याने पाहिलं. "सुरीने ओढलेत. गोठलेल्या मळातून सुरी भिंतीकडे येते, येताना जंतू घेऊन येते. पावावर लोणी फासल्यासारखं."
साहेब म्हणाले, "शक्य आहे."
एवढंच. गेले.
मी प्रभाकरशी दिवसभर बोलले नाही. पण घरी येताना त्याचं म्हणणं मनातून हलेना. खरंच ओढले असतील तर?

६ ऑगस्ट
उपाय सापडला. सुरी एकाच दिशेने फिरते. तिने जंतू ओढले असतील तर ते एकाच बाजूला जास्त असतील, आणि भिंत ओलांडून पलीकडेही गेले असतील. भिंतीच्या बाहेर जंतूंना जागाच नाही. तिथे जांभळं दिसलं तर ते सुरीचं काम.
तुकड्याच्या एका अंगाला काळ्या शाईची खूण करायची. खूण कधी सुरीसमोर, कधी पाठीमागे.
प्रभाकरला सांगितलं. तो म्हणाला, "हे बरंय. हे मी मानेन."

१७ ऑगस्ट
दहा दिवसांचे काप बघून झाले. लिहायला हात होत नाही.
भिंतीच्या बाहेर जांभळे ठिपके आहेत. सगळ्यांत नाही, पण आहेत. आणि सुरी ज्या बाजूने बाहेर पडते त्याच बाजूला.
प्रभाकर बरोबर होता.

१९ ऑगस्ट, सोमवार
सकाळी आल्या आल्या तीन तारखेपासूनच्या सगळ्या स्लाइड काढल्या, वहीत प्रत्येकीपुढे "बाद" लिहिलं आणि काचा धुवायला टाकल्या. प्रभाकर म्हणाला, "सगळ्या कशाला? काही चांगल्या असतील त्यात."
"कुठल्या चांगल्या ते मला सांगता येत नाही. मग सगळ्याच बाद."
तो थोड्या वेळाने येऊन माझ्या शेजारी काचा धुऊ लागला.

३ सप्टेंबर
सुरीचा विचार. काप पाडताना सुरी खोलीइतकी गरम असते, तुकडा गोठलेला. सुरी टेकते तिथे मळ वितळतो आणि चिकटतो. मग तो ओढला जाणारच. सुरीच थंड केली तर?
सुरीच्या दोन्ही अंगांना कोरड्या बर्फाचे तुकडे कापडात बांधून ठेवले. प्रत्येक कापानंतर पातं पुसायचं. पाचच काप, मग धार लावायची. दिवसाचे वीससुद्धा होत नाहीत अशाने.
उजव्या अंगठ्याची कातडी गेली. गणपतमामा: "बाय माझे, हातमोजे घाल गे. उंदरांका मी हातमोजे घालतंय, तू बर्फाक घालूक नको?" हातमोज्यांनी काप उचलता येत नाहीत हे त्यांना कोण सांगणार.

२१ सप्टेंबर
भिंतीच्या बाहेर स्वच्छ. आतला थर तसाच.
अजून कुणाला दाखवत नाही.

५ ऑक्टोबर
तुकडा चारही दिशांनी फिरवून पाहिला. खूण समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे. बाहेर स्वच्छ, आतला थर चारही बाजूंनी सारखा. तीन वेगळे उंदीर.
आणखी एक केलं. दोन उंदरांना चार दिवस पाण्यातून पेनिसिलिन दिलं. त्यांचा थर जवळजवळ रिकामा. चिकटा आहे, त्यात जंतू तुरळक; मळात मात्र अजून पुष्कळ. सुरी तीच, हात तोच. सुरीनेच जंतू ओढून थर केला असता तर इथेही केला असता.

७ ऑक्टोबर
आता प्रभाकरला दाखवायचं. पण मी दाखवले तर मला हवे तेच मी निवडले असं होईल. म्हणून गणपतमामांना स्लाइड दिल्या. त्यांनी लेबलं काढून आपल्या मनाने नंबर टाकले, यादी आपल्या खिशात. कुठली कुठल्या दिशेची, कुठल्या उंदराची, मलाही ठाऊक नाही.
मामा: "माका कळणा नाय ह्यातला काय एक. बरा ना मगे?"
"तेच बरं आहे, मामा."

११ ऑक्टोबर
प्रभाकरने पाच दिवस घेतले. प्रत्येक स्लाइडपुढे लिहिलं: थर आहे, थर नाही, बाहेर ठिपके, बाहेर स्वच्छ. मामांनी खिशातून घामाने भिजलेली यादी काढली. तिघं टेबलाभोवती उभे राहून ताडून पाहत गेलो.
पेनिसिलिनच्या त्याने एकूण एक बरोबर काढल्या. बाकी सगळ्यांत थर आहे. दिशेचा काही फरक नाही.
प्रभाकरने पेनाला टोपण लावलं. "झालं," म्हणाला. आपल्या टेबलाशी गेला आणि वह्या आवरू लागला. मी हाक मारली, त्याने हात वर केला, नंतर बोलू असा.
त्याचा दुसरा चॅप्टर. मळात मोजले तेवढेच आतड्यातले जंतू, असं धरून दोन वर्षं मोजलेत त्याने.
मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी येईस्तोवर टिकला नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. प्रभाकर आधीपासून बोलत नव्हता, आजही नाही.
फोटोंचं घोडं अडलंय. कमिटीला मायक्रोस्कोपमध्ये वाकून बघायला सांगता येत नाही, फोटो हवेत. मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवला, रोल धुतला, सगळे फोटो हललेले. भिंत दुहेरी, जंतू शेवाळ्यासारखे.

३० ऑक्टोबर
पुन्हा हललेले. स्क्रू आवळून झाले, टेबलाखाली रबर घालून झालं.

३१ ऑक्टोबर
प्रभाकर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पेल्यात पाणी होतं. पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "पाण्याकडे बघ."
पाण्यावर बारीक वर्तुळं थरथरत होती.
"खाली गोळ्या दाबायची यंत्रं चालतात. फरशी हलते. माझ्या तराजूलाही हाच त्रास आहे. साडेबाराला यंत्रं बंद होतात, एकला सुरू होतात. तेवढ्यात काढ फोटो."
"तू बोलत नव्हतास."
"रागावलो नव्हतो गं. चॅप्टर पुन्हा वाचत होतो. मोजणी चुकलेली नाही, मोजलं ते अर्धंच होतं. भिंत खरवडून पुन्हा मोजायला लागेल. वर्ष जाईल."
"माझ्यामुळे."
"उंदरामुळे," तो म्हणाला.

८ नोव्हेंबर
आठवडाभर डबा दहालाच खाते. साडेबारा ते एक फोटो. एका फोटोला मनात बारा आकडे मोजते, शटर सोडते. प्रभाकर दाराशी उभा राहून कुणाला आत येऊ देत नाही, पावलांनीसुद्धा फरशी हलते म्हणून. काल खुद्द साहेबांना थांबवलं. साहेब थांबले.
आज डार्करूममध्ये कागद ट्रेमध्ये टाकला आणि भिंत हळूहळू वर आली. मग थर. मग एकेक जंतू, काळा, सुटा, मोजता येईल असा.
ओला फोटो तसाच साहेबांकडे नेला. त्यांनी खिडकीजवळ धरला. पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.
"मी पंधरा वर्षं ती पट्टी शिकवली," म्हणाले. रागाने नाही. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

२ डिसेंबर, सोमवार
साहेबांनी लेखाचा मसुदा टाईप करून घेतलाय. टेबलावर होता, वाचला. वर त्यांचं नाव, मग प्रभाकरचं. माझं शेवटी, आभारात: तांत्रिक मदतीबद्दल.
प्रभाकरला दाखवलं. तो म्हणाला, "मी सांगतो साहेबांना."
"नको. मी सांगेन."

४ डिसेंबर
सांगितलं. दार उघडं होतं, आत गेले आणि बसायच्या आधीच बोलले, नाहीतर बोलणं झालं नसतं.
"साहेब, लेखावर माझं नाव हवं. वर."
"लीला, लेख लिहिणारे वेगळे, काप पाडणारे वेगळे. अशी पद्धत आहे. तुमच्याकडे डिग्री नाही, लोक विचारतील."
"विचारू देत. काय केलं ते मी सांगू शकते."
चष्मा काढला, पुसला, लावला. "बघू. आधी कमिटी होऊ दे."
आयला सांगितलं. ती निवटे धूत होती. "मागितलंस ना? बरं क्येलंस. नाय दिला तर परत माग."

१२ डिसेंबर
कमिटी. पाच जण, कोटात. मी मागे प्रोजेक्टरपाशी, साहेब म्हणतील तसा फोटो बदलायचा.
साहेब छान बोलले. "आम्ही गोठवलं, आम्ही पाहिलं, आम्ही ताडलं." सातव्या फोटोला एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "हे सगळं तुमच्या सुरीने ओढलेलं कशावरून नाही?"
साहेबांनी माझ्याकडे हात केला. "ज्यांनी ते तपासलं त्याच सांगतील."
आधी इंग्रजीत सुरू केलं, अडले. ते गृहस्थ म्हणाले, "मराठीत सांगा हो, मी दादरचाच आहे." मग सांगितलं. शाईची खूण, चार दिशा, थंड सुरी, पेनिसिलिन, मामांच्या खिशातली यादी. ऑगस्टमधल्या स्लाइड बाद केल्या तेही. तो भाग सांगू का नको असं झालं होतं, पण सांगितला.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "ऑगस्टमध्ये किती बाद केल्या?"
"सगळ्या."
"हं," म्हणाले, आणि पुढचा फोटो मागितला.
काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते लेखी कळवणार आहेत.

२३ डिसेंबर, सोमवार
पत्र नाही. खाली गोळ्यांच्या खात्यात एक जागा रिकामी झालीय, शांता सांगत होती. यंत्र अजून माझ्या टेबलावर आहे, कुणी न्यायला आलं नाही. चालवतेय. आजपर्यंत मोठंच आतडं पाहिलं. आता लहान आतडं, वरून खालपर्यंत, क्रमाने.

७ जानेवारी १९६९
लहान आतड्याचा वरचा भाग: जवळजवळ काही नाही. मधला: तुरळक. पत्र नाही. साहेब लेखाबद्दल बोलत नाहीत, मीही जवळजवळ चार आठवडे थांबले. उद्या पुन्हा विचारणार.

८ जानेवारी
विचारलं. "कमिटीचं पत्र येऊ दे," म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

१६ जानेवारी
लहान आतड्याचा शेवटचा भाग. पहिल्याच कापात धागे दिसले. कापसाचे तंतू पडले असं वाटून स्लाइड टाकून दिली. दुसरी केली, त्यातही. तिसरीतही. लांब, पेरापेराचे, जंतूच आहेत, पण असले कधी पाहिले नाहीत. चिकट्यात तरंगत नाहीत. एक टोक थेट भिंतीत.
सुरी दुसऱ्या दिशेने फिरवली. तसेच.
प्रभाकरला बोलावलं. त्याने पाहिलं आणि खुर्चीच ओढून घेतली. बशीत असलं काही कधी वाढलेलं नाही म्हणाला. "एक टोक आत गेलंय का नुसतं टेकलंय?"
"या भिंगातून कळत नाही."
"साहेबांना दाखव."

१७ जानेवारी, शुक्रवार
साहेब माझ्याच स्टुलावर बसले. पंधरा-वीस मिनिटं. मी उभी. शेवटी उठून म्हणाले, "काय आहे हे?"
"माहीत नाही."
"मलाही नाही." दारापर्यंत गेले, परत आले. "जे दिसतंय ते लिहून काढा. तुमच्या शब्दांत, मराठीत चालेल. सोमवारी मला द्या."
लेखासाठी की नुसतं नोंदीला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
मामांना सोमवारसाठी तीन उंदीर सांगून ठेवले.
पहिली ओळ चार वेळा खोडली. पाचव्यांदा लिहिली ती ठेवलीय: एक टोक भिंतीत, दुसरं मोकळं. कशाने धरलंय ते अजून कळलेलं नाही.